पेवातले सर

पेवात उतरण्याआधी सर कंदील सोडायचे. काच तडकलेला, दोरीला बांधलेला जुना कंदील. तो तळाला टेकला की कानडीत वीसपर्यंत मोजायचं, मग वर ओढून ज्योत बघायची आणि त्यानंतरच शिडीला पाय लावायचा. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस जाईल एवढं आणि पोट खोलीएवढं. पूर्वी त्यात ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. बंद पेवात कुबट हवा साठते आणि घाईने उतरलेला माणूस वर येत नाही, म्हणून आमच्या मुरुम गावाकडे आधी कंदील उतरतो, मग माणूस. सरांच्या पेवात पंखा होता, हवा खेळती होती, रोजची ये-जा होती. तरी कंदील एक दिवस चुकला नाही.

"सर, पंखा बसवलाय की आता," मी एकदा म्हणाले.

"आसू दे. मुरुमातला सगळ्यात जुना सेन्सर हाय हा. त्याला एकच प्रश्न कळतो, पण त्याचं उत्तर तो बरोबर देतो."

त्या पेवात आमच्या सरांची प्रयोगशाळा होती.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, करारावर. त्याआधी बरीच वर्षं ते एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होते. तिथून येताना त्यांनी एक पेढ्यांचा डबा आणला. डब्यात पेढे नव्हते; कोपरा तुटला म्हणून त्या प्रयोगशाळेने टाकून दिलेल्या सिलिकॉनच्या चिपा होत्या, कापसात गुंडाळलेल्या. त्या डब्यासाठी आणि पेवासाठी हा माणूस गावाला परत आला, असं लोक हसून सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांचा पहिला तास मला आठवतो. आत आले, हजेरी घेतली नाही, टेबलाच्या कडेवर एक स्टीलची पट्टी अर्धी बाहेर काढून ठेवली आणि मागचं टोक अंगठ्याने दाबलं. मग खिशातून ज्वारीचा एक दाणा काढून पुढच्या टोकावर ठेवला.

"झुकली का?"

"न्हाय सर," अख्खा वर्ग.

"झुकली. तुमाला दिसली न्हाय. दोन्हीत फरक हाय. हा फरक ज्याला कळला त्यानं माझ्या तासाला बसावं, बाकीच्यांनी चहाला जावं."

सात जण चहाला गेले. मी बसले.

त्यांचं सगळं काम त्या पट्टीचंच होतं, फक्त त्यांची पट्टी केसापेक्षाही बारीक होती. एक टोक चिपेत घट्ट, दुसरं मोकळं, विहिरीवर उडी मारायला टाकलेल्या फळीसारखं. तिच्या एका अंगाला सोन्याचा मुलामा आणि त्यावर अशा रेणूंचा थर, जे रक्तातलं एकच प्रथिन पकडतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात झिरपतं. ते येऊन पट्टीवर दाटीवाटीने बसलं की पट्टी वाकते. कुठल्याही डोळ्याला न दिसण्याइतकी वाकते, पण तिच्यावरून परतणारा लेझरचा ठिपका सरकतो आणि ठिपक्याचं सरकणं लॅपटॉपवर रेघ होऊन दिसतं. रेघ सपाट म्हणजे प्रथिन सापडलं नाही. रेघ चढली म्हणजे सापडलं.

अशा पट्टीला ट्रकचा दणका चालत नाही, दुपारचं ऊन चालत नाही. कॉलेजला लागून डाळमिल आणि पुढे हमरस्ता. म्हणून कॉलेजच्या जुन्या गोदामाच्या अंगणातलं हे पेव. खाली उन्हाळा-हिवाळा सारखाच. जमिनीवर ट्रॅक्टरची ट्यूब हवा भरून ठेवलेली, तिच्यावर जात्याची तळी आणि तळीवर यंत्र. चपला वर काढायच्या. तोंडाशी सरांनी खडूने दोन शब्द लिहिले होते: "सुम्म कूड." म्हणजे गप्प बस. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन ते जसे पूजेला बसत, तसेच पेवात बसत, मनगटसुद्धा न हलवता. एखादी बस गेली की रेघेवर बारीक थरथर यायची. सर पाटीवर लिहायचे, "अक्कलकोट गाडी, आज बारा मिनिटं लेट." स्टँडवरचा कंट्रोलर त्यांना विचारायला यायचा, असं पोरं सांगायची. ती थाप असावी.

लग्नसराईत तर सरांचे हाल व्हायचे. तेरखेड्याच्या फटाक्यांचे बॉम्ब फुटले की रेघ वेड्यासारखी नाचायची. एकदा ते तडक वरातीत गेले आणि वरबापाला म्हणाले, "वीस मिनिटं थांबता का? एक मोजणी चाललीय."

"कशाची वो सर?"

"रक्ताची."

"अगं आई! अन् आमी हितं नवरदेव घोड्यावर बसवलाय!"

सरांनी घोड्यावरच्या नवरदेवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग तुमीच उरका. माझं रोजचं हाय." आणि वरातीत नाचून आले. खरंच नाचले. मी पाहिलंय.

रागावले की ते अहो-जाहो करायचे. एरवी सगळ्यांना "अरे", "अगं". ज्या दिवशी सरांनी आपल्याला "तुम्ही" म्हटलं, त्या दिवशी आपण काहीतरी भयंकर केलेलं असायचं. मला ते दोनदा "तुम्ही" म्हणाले. दुसऱ्यांदाचं सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

त्याआधी माझं घर सांगते. आमचे आप्पा जन्मभर पत्रकं काढत आले. पाणी आलं नाही, पत्रक. रेशनला ज्वारी सडकी आली, पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवरच, आणि शाईचा वास आला की मला अजून घरी आल्यासारखं वाटतं. आप्पा म्हणायचे, पत्रकाला सही पाहिजे आणि पत्ता पाहिजे, म्हणजे भांडायला येणाऱ्याला घर सापडतं. आमच्या घरी भांडायला पुष्कळ लोक आले. आईने सगळ्यांना चहा केला.

सरांना निधी देता येईल का हे बघायला शहरातून एक समिती आली, तेव्हा मी सरांची मदतनीस होते. तीन माणसं. त्यातल्या एकाने पेवाच्या तोंडातून खाली वाकून पाहिलं, ट्यूब पाहिली, जातं पाहिलं, आणि रुमाल नाकाला लावून हसला. "सर, ही कामं धूळमुक्त खोल्यांत होतात. अशा ठिकाणी होत नसतात."

सर म्हणाले, "चिप तुमच्या खोलीतच झालीय, साहेब. पण छातीत कळ मुरुमात येते. ती तुमच्या खोलीपर्यंत पोचायला चार तास लागतात."

समिती गेली, निधी आला नाही. मला झोप आली नाही त्या हसण्याने. त्या माणसाला उत्तर द्यायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. माझी चूक तिथं सुरू झाली.

मात्र चूक कशी कबूल करायची हे सरांनी मला त्याआधी दाखवलं होतं. हळदीचं प्रकरण. निरोगी माणसाच्या रक्ताने रेघ सपाट राहते का, हे आम्ही तपासत होतो. गावातल्या डॉक्टरबाई बाजारच्या दिवशी लोकांची लेखी परवानगी घेऊन बोटातून थेंब काढून द्यायच्या. रेघ सपाट, सपाट, सपाट, आणि मग एका गल्लीतले अकराच्या अकरा लोक चढले. अख्ख्या गल्लीला हार्ट अटॅक! सर उत्साहाने पेटले. वर्गात सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं, मोठी गोष्ट हाती लागलीय म्हणाले. डॉक्टरबाईंनी अकरा जणांचे ईसीजी काढले, सगळे ठणठणीत. एक महिना आम्ही डोकं फोडलं. शेवटी मीच त्या गल्लीत गेले तर शिंका यायला लागल्या. ती मिरची-हळदीच्या कांडपाची गल्ली. तिथल्या माणसांच्या बोटांत हळद मुरलेली, शिवाय सुई टोचल्यावर सवयीने चिमूटभर वर दाबलेली. पट्टीला हळद चिकटत होती.

सरांनी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "मागच्या महिन्यात मी जे सांगितलं ते चूक होतं. ती हळद होती." खाली सही. प्राचार्य म्हणाले, अहो पुसा, पोरं हसतील. सर म्हणाले, "हसू द्या. हसलेलं ध्यानात ऱ्हातं." आठ दिवस पुसू दिलं नाही. कांडपवाले काका त्यानंतर सर दिसले की छातीला हात लावून "आई गं!" करायचे आणि सर वाकून नमस्कार करायचे.

"पट्टी खोटं बोलत न्हाय," ते मला म्हणाले. "आपण तिला काय विचारलं, ते आपल्यालाच ठावं नसतं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे कळलं, असं मला तेव्हा वाटायचं.

हळदीचं निस्तरल्यावर काम पुढे सरकलं. डॉक्टरबाईंच्या पाच-सहा रुग्णांच्या रक्तावर रेघ बरोबर चढली. ही बातमी संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी वर्धापनदिनाला यंत्राचं उद्घाटन ठरवलं. मांडव, पाहुणे, आणि यंत्र तयार असल्याचं सरांच्या सहीचं प्रमाणपत्र. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका बैठकीत लिहिलं. समितीतल्या त्या रुमालवाल्याला समोर बसवून लिहिलं. "ज्यांनी आम्हाला हसून दाखवलं त्यांनी आता मुरुमला यावं! छातीत दुखतंय? शहर गाठू नका. पाच मिनिटांत, एका थेंबात, आपल्या मातीतलं यंत्र सांगेल: हृदयविकार आहे की नाही!"

सरांनी ते दोनदा वाचलं. "लई छान लिहिलंय. आप्पांची पोरगी शोभतीस. आता ह्यात खरं किती हाय ते सांग."

त्यांनी पेन्सिलीने दोन ओळी खोडल्या. "शहर गाठू नका" ही एक, आणि "आहे की नाही" ही दुसरी. म्हणाले, "आहे, हे पट्टी सांगंल. न्हाय, हे ती सांगू शकत न्हाय."

मला वाटलं, हे सरांचं भिडस्तपण. खोडलेल्या ओळी काढल्या तर पत्रकात उरतंय काय? मी त्या ओळी ठेवल्या आणि छापायला दिलं. वर्तमानपत्रांच्या घडीतून तीस गावांत गेलं. सरांनी छापलेलं पाहिलं, आणि मला म्हणाले, "तुम्ही ते दुरुस्त करून घ्या." तो पहिला "तुम्ही". मी म्हणाले, उद्घाटन झालं की करते.

उद्घाटनाला चार दिवस होते. सकाळची वेळ. अंगणात मांडवाचे खांब उभे राहत होते, चेअरमनसाहेब खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात एक मोटारसायकल थेट आत आली. पुढे तरुण मुलगा, मागे पन्नाशीचा बाप, कपाळाला भंडारा, खांद्यावर घोंगडी. मेंढपाळ. बापाने एका हाताने छाती धरली होती आणि दुसऱ्या हातात माझं पत्रक होतं.

"हितंच ना ते यंत्र?" मुलाने विचारलं. "पाच मिन्टात सांगतंय म्हणं?"

सर पुढे झाले. "मामा, काय हुतंय?"

"पोतं ठिवल्यागत झालंय वो छातीत. डावा हात जड पडलाय."

"कवापासनं?"

"आत्ताच. मेंढरं सोडली अन् धरलं. आर्धा तास झाला आसंल."

"दवाखाना वाटंतच हुता की!"

"हुता की," मुलगा म्हणाला. "पण कागदात लिवलंय न्हवं, हितं या म्हनून."

सर डॉक्टरबाईंना फोन लावायला वळले. चेअरमनसाहेब उठले. "अहो सर, फोन काय करताय? यंत्र आहे ना? घ्या थेंब! फोटोवाल्याला बोलवा रे!" आणि मी, सरांची मदतनीस, आप्पांची पोरगी, कुणी सांगायची वाट न बघता मामांच्या बोटाचा थेंब घेऊन पेवाकडे धावले. कंदील सोडला नाही. शिडी दोन उड्यांत उतरले.

खाली शांत होतं. थेंबातलं रक्त निवळून मी ते पट्टीवर सोडलं. लेझरचा ठिपका जागेवर. एक मिनिट, तीन मिनिटं, पाच मिनिटं. रेघ सपाट. अशी सुंदर सपाट रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी पेवातूनच ओरडले, "सपाट आहे! काही नाही!"

वर आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. मुलाने डोळे पुसले. "चला बा, घरला. कायबी न्हाय म्हणाली ताई." बाप मोटारसायकलचा आधार घेऊन उठत होता.

"थांब!"

हा आवाज सरांचा आहे हे कळायला मला वेळ लागला. पेवाच्या पन्नास पावलांत ते कधी मोठ्याने बोलले नव्हते. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही त्या पट्टीला काय विचारलं? प्रथिन हाय का, एवढंच ना? ती म्हणाली, न्हाय. बरोबर बोलली. आर्ध्या तासात ते रक्तात उतरतच न्हाय. त्याला काही तास लागतात. तुम्ही ऐकलं काय, तर दुखणं न्हाय!"

मग मुलाला म्हणाले, "गाडीवर न्हाय. चारचाकीत घाल त्यास्नी." अंगणात चारचाकी एकच होती. "साहेब, किल्ली."

"सर, यंत्र तर नाही म्हणतंय," चेअरमनसाहेब म्हणाले. "लोकांसमोर आपलंच यंत्र तुम्ही खोटं पाडताय."

"यंत्र खरं हाय. किल्ली."

"चार दिवसांवर उद्घाटन आलंय! निष्कारण..."

"मामा मेले तर उद्घाटन त्यांच्या तेराव्याला करा. किल्ली द्या!"

किल्ली चेअरमनसाहेबांनी दिली की सरांनी खिशातून काढली, याबद्दल मुरुमात दोन मतं आहेत. मी जवळ उभी होते आणि मी सांगणार नाही. दोन मिनिटांत गाडी डॉक्टरबाईंच्या दारात होती. ईसीजीचा कागद बाहेर आला तसा बाईंनी तो आमच्यासमोर धरला. आमच्या यंत्राची रेघ सपाट होती. ही रेघ सपाट नव्हती. औषध दिलं, अँब्युलन्स आली, मामा शहराकडे गेले. अँब्युलन्सचं दार लागताना त्यांच्या मुठीत अजून माझं ते पत्रक होतं.

मामा वाचले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने मुलगा आला. डॉक्टरबाईंनी तिकडच्या डॉक्टरांना विनंती केली होती. मुलाने सही करून थर्मासात बर्फात ठेवलेली एक नळी आणली होती, बापाच्या रक्ताची. सरांनी कंदील सोडला. वीस आकडे मोजले. आम्ही उतरलो. थेंब पट्टीवर पडला आणि रेघ निघाली ती चढतच गेली, एकदाही न अडखळता. मी रडले. रुमालवाला, धूळमुक्त खोल्या, सगळं आठवलं. जात्यावर, ट्यूबवर, पेवात, आमच्या मातीत ती पट्टी वाकली होती.

सरांनी पाटीवर दोन आकडे लिहिले, कालचा आणि आजचा, एकाखाली एक. "एकच माणूस, एकच यंत्र, एकच दुखणं," ते म्हणाले. "काल न्हाय, आज व्हय. सांग, पत्रकात कुठलं छापायचं?"

प्रमाणपत्र त्यांच्यासमोर टेबलावर तीन दिवस पडून होतं. चेअरमनसाहेब स्वतः आले. आता तर यंत्र खरं ठरलं, मुलगाच साक्षीदार आहे, सही करायला हरकत काय? सर म्हणाले, सही करतो, पण खाली लिहा की "नाही" हे उत्तर ह्या यंत्राने द्यायचं नाही आणि दवाखान्याआधी इथं कुणी यायचं नाही. चेअरमनसाहेब म्हणाले, मग यंत्राचा उपयोग काय? सर म्हणाले, "उपयोग हाय. उद्घाटन न्हाय."

सही झाली नाही. मांडव सुटला. सरांचा करार पुढे वाढला नाही आणि पेवाच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवून कुलूप घातलं गेलं. ते गोदाम आणि ते पेव सरांच्याच आजोबांनी संस्थेला दान दिलं होतं, हे त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. सरांनी आठवण करून दिली नाही. ट्यूबमधली हवा काढली, घडी केली, पेढ्यांचा डबा काखेत घेतला. जातं न्यायला आम्ही चौघं लागलो.

मी त्याच आठवड्यात दुसरं पत्रक काढलं. "मी लिहिलेलं पत्रक खोटं होतं. यंत्र खोटं नव्हतं, मी होते. छातीत दुखलं तर यंत्राकडे येऊ नका, आधी दवाखाना गाठा." खाली माझं नाव आणि घराचा पत्ता. आप्पांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या पत्रकातला एकही शब्द बदलला नाही. ते मी वर्तमानपत्राच्या घडीत घातलं नाही. तीसही गावांत स्वतः गेले, दारोदार नवं दिलं आणि जुनं मागून घेतलं. चेअरमनसाहेबांची माणसं भांडायला घरी आली. आईने त्यांना चहा केला.

सर आता त्यांच्या शेतातल्या पेवात काम करतात. पावसाळ्यात त्यात ओल येते, वीज जाते, बसची थरथर मात्र नाही. डॉक्टरबाईंच्या मदतीने ते एकेका रुग्णाचं रक्त तीन-तीन तासांनी तपासून बघतात, आणि "नाही" म्हणायला पट्टीला किती वेळ द्यावा लागेल ते शोधतात. मी रविवारी जाते. त्यांनी मला कंदिलाची दोरी दिली आहे. त्या दिवशी मी तो सोडला नव्हता हे त्यांना माहीत आहे. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

जुनी पत्रकं बहुतेक सगळी परत आली. एक राहिलं. मी मामांच्या वस्तीवर गेले तेव्हा ते खाटेवर बसून कोकराला पाला चारत होते. पत्रक त्यांनी घडी करून, भंडारा लावून देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

"मामा, ते खोटं आहे. मला परत द्या."

"खोटं कसं? ह्येच्यापायी तर म्या सरांकडं आलो. सर न्हाईत तर म्या न्हाय."

"मामा, दवाखाना वाटेतच होता. ह्याच्यामुळे तुम्ही मरत होता."

"पर मेलो का?" ते हसले. "न्हाय देत जा."

मी तीनदा गेले. तिन्ही वेळा चहा मिळाला, पत्रक मिळालं नाही. परवा कळलं, शेजारच्या वस्तीवरची माणसं त्याला हात लावायला येतात. माझं ते एक पत्रक अजून बाहेर आहे आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसं वाढत आहेत. म्हणून हे तिसरं पत्रक लिहिलं. खाली नाव घालत नाही, कारण ही गोष्ट माझी नाही, सरांची आहे. पण घर कुणालाही विचारा. भांडायला या.